इंग्रजी पुस्तक वाचायला कोण शिकवणार?

महोदय,

खानापूर, निपाणी, बेळगाव परिसरातील अनेक मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि विज्ञान किंवा अभियांत्रिकीला जाताच इंग्रजी पाठ्यपुस्तकांपुढे अडखळतात. त्यांना गणित येते. पण लांबलचक शाब्दिक उदाहरणात दिलेले काय, शोधायचे काय आणि अट कोणती, हे वेगळे काढण्याचा सराव त्यांना कोणी दिलेला नसतो. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या मांडल्या, त्यांतील पहिलीच प्रश्न समजून घेण्याची आहे, आणि आमची हुशार मुले तिथेच थांबतात, याचे फार वाईट वाटते.

पदवीच्या पहिल्या सत्रात इंग्रजीच्या आणि विषयाच्या शिक्षकांनी मिळून आठवड्याला एक तास द्यावा. विद्यार्थ्यांच्याच भौतिकशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या पुस्तकातील एखादा परिच्छेद घेऊन आधी मथळे व आकृत्या पाहाव्यात, स्वतः प्रश्न काढावेत, मग वाचावे आणि पुस्तक मिटून आशय सांगावा. सुरुवातीला तो मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगितला तरी चालावे, कारण तपासायची आहे ती समज. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी याचा विचार करावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, खानापूर