कटातले दोनशे जण गप्प बसतात कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या दोन रविवारच्या पुरवण्यांत त्या राजकीय कारस्थानाच्या कादंबरीवर वाचकांची पत्रं आली. एकाने ती एका बैठकीत संपवली, दुसऱ्याला शंभराव्या पानावर झोप लागली. कुणी म्हणतं, सत्तेचं इतकं खरं चित्र आजवर कुणी काढलं नव्हतं. कुणी म्हणतं, लेखकाने एका पक्षाची सुपारी घेतली आहे. आता सुपारी कुठल्या पक्षाची, यावर मात्र या मंडळींचं एकमत नाही. कादंबरीत देशाला नाव नाही, पक्षांना नाव नाही, तरी त्या जाड चष्म्याच्या गृहमंत्र्याला दोन पत्रांनी दोन वेगळ्या पुढाऱ्यांचे चेहरे चिकटवले आहेत. लेखकाने खुर्ची रिकामी ठेवली आणि ज्याला जो डोळ्यांत खुपतो त्याला त्याने तिथे नेऊन बसवलं. याचा राग लेखकावर काढण्यात काय अर्थ आहे?

मी ही कादंबरी दोनदा वाचली. पहिल्यांदा पुढे काय होतं ते कळावं म्हणून, दुसऱ्यांदा ही पत्रं वाचून चिडल्यावर. माझं मत दोन्ही वेळा तेच झालं. पहिली दोनशे पानं फार चांगली आहेत आणि नंतर गाडी घसरली आहे. पण ती का घसरली याचं ‘असं कधी घडूच शकत नाही’ हे जे कारण बहुतेकांनी दिलंय, ते मला पटत नाही.

आधी चांगल्याबद्दल. एका पत्रात अभिलेख कक्षाच्या प्रकरणाला ‘कंटाळवाणं कारकुनी वर्णन’ म्हटलं आहे. माझी सगळी नोकरी अशाच एका कक्षात नस्त्या, म्हणजे सरकारी फायली, सांभाळण्यात गेली, त्यामुळे हा शेरा मला जरा लागलाच. कादंबरीतली त्या कक्षातली बाई एक नस्ती उघडते. टिपणीच्या पानांवर कोपऱ्यात लाल शाईने आकडे आहेत आणि सगळे ओळीने बरोबर आहेत. दुसरा कुणी तिथेच नस्ती बंद करून ठेवून देईल. ती मात्र दोरा ओवायची भोकं बघते. जुन्या पानांची भोकं वर्षानुवर्षांच्या उघडझापीने ताणली गेली आहेत, त्यांच्या कडा मऊ पडल्या आहेत. शेवटच्या चार पानांची भोकं मात्र गोल, नुकती टोचलेली. म्हणजे पान गहाळ झालेलं नाही. चार पानं काढून नवी चार लिहून घातली आहेत, आणि तीही घाईत. पुढचा सगळा थरार या भोकांतून निघतो. पिस्तूल नाही, पाठलाग नाही, तरी माझ्या हातांना घाम सुटला होता. ‘ध’चा ‘मा’ ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना कागदाचं भय समजावून सांगावं लागावं याचं नवल वाटतं. 1773 साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यामागची ती एका अक्षराची गोष्ट आख्यायिका असेलही. पण तलवारी कुणाच्या होत्या ते आपण विसरलो आणि अक्षर तेवढं लक्षात ठेवलं.

आता घसरण. मधल्या भागात कळतं की कट अकरा वर्षं चालू आहे आणि त्यात सेनाधिकारी, न्यायाधीश, बँकवाले, दोन डॉक्टर आणि एक संपादकही आहे (क्षमस्व). मी दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन मोजले, दोनशेच्या आसपास माणसं होतात. या दोनशेंपैकी अकरा वर्षांत एकजणही दारूच्या नशेत बोलत नाही, बढती हुकली म्हणून फुटत नाही, बायकोजवळ मन मोकळं करत नाही. गोष्ट षट्कर्णी झाली की ती गुपित राहत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. इथे चारशे कान आहेत.

2016 मध्ये डेव्हिड ग्राइम्स या भौतिकशास्त्रज्ञाने याचं चक्क गणित मांडलं होतं. कटात माणसं किती आणि काळ किती, यावरून तो फुटायची शक्यता त्याने काढली. चांद्रमोहीम खोटी असती आणि चार लाखांवर माणसं त्यात सामील असती, तर सुमारे पावणेचार वर्षांत बिंग फुटलं असतं, असं त्याचं उत्तर. गणिताची गृहीतकं कुणी कितीही ताणावीत, पण गुपित ठेवायला माणसं लागतात आणि माणूस गळका असतो, एवढा मुद्दा तरी त्यातून नक्की निघतो.

घडलेल्या कटांकडे पाहिलं तर मला आणखी एक गोष्ट दिसते आणि या कादंबरीत तीच नाही. ती म्हणजे धांदल. 17 जून 1972 च्या मध्यरात्रीनंतर वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत, जिथे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या विरोधी पक्षाचं कार्यालय होतं, फ्रँक विल्स नावाचा रखवालदार फेरी मारत होता. एका दाराचं कुलूप लागू नये म्हणून त्याच्या खिट्टीवर चिकटपट्टी लावलेली त्याला दिसली. त्याने ती काढून टाकली. थोड्या वेळाने परत आला तर पट्टी पुन्हा जागेवर. मग त्याने पोलिसांना बोलावलं. आत पाचजण सापडले आणि त्यांच्याजवळच्या वहीत व्हाइट हाउसशी संबंध असलेल्या माणसाचा फोन नंबर होता. 9 ऑगस्ट 1974 ला राष्ट्राध्यक्ष निक्सन पायउतार झाले. काढलेली पट्टी दुसऱ्यांदा लावणारे चोर एखाद्या लेखकाने रंगवले असते तर तुमच्या पुरवणीत हमखास पत्र आलं असतं की इतके बावळट कुठे असतात का?

इटलीतलं प्रकरण तर माझ्यासारख्या नस्त्यावालीला तोंडपाठ व्हावं असं. मार्च 1981 मध्ये तपास करणारे दंडाधिकारी एका बँकरच्या भानगडीच्या मागावर होते. त्या निमित्ताने लिचो जेल्ली या माणसाच्या जागेवर छापा पडला आणि हाती लागली ‘पी-2’ या गुप्त मंडळाची यादी. 962 नावं. मंत्री, खासदार, सेनाधिकारी, गुप्तचर खात्यांचे प्रमुख, सगळे त्यात. दोन-अडीच महिन्यांत सरकार कोसळलं. गुप्त मंडळ चालवायचं आणि सभासदांची यादी मात्र जपून ठेवायची! पण कुठलंही मंडळ चालवलं की वही ठेवावीच लागते, नाहीतर कुणाला काय कबूल केलंय ते आपल्यालाच आठवत नाही.

फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्यावर 22 ऑगस्ट 1962 ला पॅरिसजवळ पेती-क्लामार इथे हल्ला झाला. गाडी टप्प्यात आली की वर्तमानपत्र हलवून इशारा करायचा, असं सूत्रधार बास्तियाँ-तिरीने ठरवलं होतं. दिवेलागणीच्या अंधुक उजेडात तो इशारा बंदूकवाल्यांना वेळेवर दिसला नाही. गोळ्यांचा पाऊस पडला, टायर फुटले, तरी चालकाने गाडी पुढे काढली आणि द गॉल पती-पत्नींना ओरखडाही आला नाही. (कट उधळण्यात वर्तमानपत्राचा इतका थेट हात क्वचितच असेल, संपादक महोदय.)

आपल्या कादंबरीतल्या कटवाल्यांकडे असलं काही नाही. त्यांचे फोन लागतात, गाड्या वेळेवर सुटतात, शिक्के जिथे हवे तिथे सापडतात. ज्या लेखकाला दोऱ्याची भोकं दिसली, त्याला पुढे माणसं का दिसली नाहीत, हे मला कळत नाही. बहुधा कट मोठा केला की भीतीही मोठी होईल असं त्याला वाटलं असावं. माझं उलट झालं. कटवाले चुकत नाहीत म्हटल्यावर मी निवांत झाले, कारण मग त्यांच्याविरुद्ध कुणी काही करूच शकत नाही आणि पानं फक्त उलटायची राहतात. म्हणून शेवटी नायकाच्या हाती तो ध्वनिमुद्रित पुरावा आयता येऊन पडतो, तेव्हा सगळ्यांनाच तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटला. कटवाल्यांच्या हातून आधी एक तरी चूक झाली असती तर हा पुरावा आकाशातून पाडावा लागला नसता.

पण ‘असं कधी घडूच शकत नाही’ म्हणणाऱ्या वाचकांच्या बाजूलाही मी जाऊन बसणार नाही. 1962 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च सेनाधिकाऱ्यांनी आपल्या संरक्षणमंत्र्यांपुढे एक प्रस्ताव ठेवला होता. क्युबावर हल्ला करायला निमित्त हवं, म्हणून बनावट हल्ले घडवून त्यांचा आळ क्युबावर घालायचा, असा. वर सही होती, मुद्दे होते, परिशिष्ट होतं. प्रस्ताव फेटाळला गेला आणि कागद लोकांसमोर यायला पस्तीसेक वर्षं लागली. तेव्हा कादंबरीतल्या सेनापतीची योजना ‘अतिरंजित’ म्हणणाऱ्या पत्रलेखकाने तो कागद एकदा नजरेखालून घालावा. नुसत्या कल्पनेच्या विकृतीत लेखकांना सरकारी कागद मागे टाकतात. अतिरंजित काय आहे, तर ती योजना अकरा वर्षं बिनबोभाट पार पडणं.

बाकी तक्रारी झटकन उरकते. पात्रं फार आहेत, खरं आहे. सुरुवातीला यादी दिली असती तर बरं झालं असतं. संवाद जड आहेत, तेही खरं. मंत्री बायकोशी बोलतानासुद्धा अग्रलेख वाचून दाखवतोय असं वाटतं. पाल्हाळ मला नाही वाटलं.

आणि मुख्य तक्रार तुमच्याकडे. गेल्या रविवारी तिसऱ्या पत्राच्या दुसऱ्याच ओळीत शेवट सांगून टाकला आहे. शेवट माहीत असूनही थरार टिकतो, हे मला मान्य आहे. द गॉल यांच्यावरच्या त्या हल्ल्याच्या सूत्रधाराला गोळ्या घालण्यापासून सुरू होणारी फोर्साइथ यांची ‘द डे ऑफ द जॅकल’ ही द गॉल यांच्या मागावरच्या मारेकऱ्याची कादंबरी 1971 मध्ये आली, तेव्हा द गॉल अंथरुणाला खिळून नाही, गोळीने नाही, घरात पत्ते मांडून बसले असताना आदल्या वर्षीच वारले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी लोक श्वास रोखून वाचत राहिले. पण तिथे प्रश्न मारेकरी कुठवर पोचतो एवढाच होता. इथे सगळं गाडं ‘तो आतला माणूस कोण’ यावर अडलं आहे, आणि तुम्ही त्याचं नाव छापलंत. पुढच्या वेळी अशा पत्राच्या डोक्यावर निदान एक सूचना टाका. माझं वाचून झालं होतं. आमच्या घरात दुसऱ्या एकाची नव्वद पानं राहिली होती आणि त्या रविवारपासून पुस्तक तसंच पालथं पडलं आहे.

आपली,
एक जुनी वाचक