मायग्रेन प्रतिबंधक ॲक्युपंक्चर पॅकेजच्या परताव्याबाबत तक्रार

मा. ग्राहकसेवा व्यवस्थापक यांस,

आज सकाळच्या संभाषणानंतर आपल्या केंद्राशी फोनवर बोलण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून लेखी कळवीत आहे.

मला दमा असल्याने मायग्रेन रोखणारे प्रोप्रानोलॉल चालत नाही आणि त्यासाठीच्या दुसऱ्या औषधाने, टोपिरामेटने, बोटांना मुंग्या येऊन बोलताना साधे शब्दही आठवेनासे झाले, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टना विचारून मी आपले दहा सिटिंगचे पॅकेज आगाऊ पैसे भरून घेतले. ही दोन्ही औषधे चालत नसल्यास किंवा लागू पडत नसल्यास पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत सिटिंगचा विचार करावा, असे ब्रिटनमधील उपचारांबाबत शिफारशी करणाऱ्या नाइस संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात; आपल्या माहितीपत्रकातही हेच वेळापत्रक आहे. प्रत्यक्षात सुरुवातीच्या काही सिटिंगनंतर आपण आदल्या रात्री मेसेज पाठवून वेळा रद्द करीत राहिलात आणि आता पॅकेजची मुदत संपल्याचे मलाच ऐकवता.

याचा जाब विचारला तेव्हा आपल्या प्रतिनिधी म्हणाल्या, "मॅडम, आत्ता डोकं दुखतंय का?" मी नाही म्हणाले. "मग घाई कशाला? दुखायला लागलं की फोन करा, ॲडजस्ट करू." हा उपचार डोके दुखत नसतानाच, पुढचे झटके कमी व्हावेत म्हणून घ्यायचा असतो, हे मी शांतपणे समजावले. पलीकडे कीबोर्ड वाजला. "ठीक आहे, पेशंटला सध्या त्रास नाही असं लिहून तक्रार क्लोज करते." झटक्याच्या वेळी मी पडदे ओढून, उशाशी उलटीचे भांडे घेऊन पडलेली असते. त्या अवस्थेत रिक्षाने येऊन मानेत सुया टोचून घ्याव्यात अशी अपेक्षा असल्यास माहितीपत्रकात तसे छापावे.

आपल्या थेरपिस्टबद्दल तक्रार नाही. त्या दर वेळी सीलबंद सुया माझ्यासमोर उघडत आणि डोकेदुखीची वही बारकाईने वाचत. अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यानुसार ॲक्युपंक्चर घेणाऱ्या शंभरांपैकी ४१ जणांच्या डोकेदुखीची वारंवारता किमान निम्म्याने घटली, न घेणाऱ्यांत १७ जणांच्या. मला तेवढी आशा पुरेशी होती. आपल्या फलकावरील 'शंभर टक्के मुक्ती' मी कधीच मनावर घेतली नाही. मात्र त्या ४१ जणांना सिटिंग मिळाली असणार, आदल्या रात्रीचे मेसेज नव्हेत.

मला नव्या तारखा नकोत. माझ्या नोंदीतील 'त्रास नाही' हा शेरा काढावा आणि उरलेल्या सिटिंगची रक्कम पंधरा दिवसांत परत करावी. अन्यथा रद्द केल्याचे सर्व मेसेज जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपली ग्राहक