सुधीरला पत्र: ब्रेकचं सामान घेण्याआधी

रामबाग, इंदूर

प्रिय सुधीर,

तुझं पत्र दुपारी मिळालं, लगेच उत्तराला बसलोय. 2004 ची मारुती झेन, एका हातची, इंजिन सुरेख. छान झालं. पण तुझ्या मिस्त्रीने दिलेली यादी वाचून कपाळाला हात लावला. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग), पुढचे पॅड, ते ज्यांना चिमटतात त्या दोन्ही डिस्क, मागच्या ड्रममधले शू, आणि वर "भैया, सब नया डलवा लो, टेंशन खतम". त्याने गाडीचं एक तरी चाक खोललं होतं का? तू तसं काही लिहिलेलं नाहीस. तेव्हा यातलं काहीही एवढ्यात विकत घेऊ नकोस. एवढं सगळं बदलूनही गाडी डावीकडे ओढतच राहील, अशी मला दाट शंका आहे.

तुझ्या तीन तक्रारी आहेत: पेडल खोल जातं पण दोनदा मारलं की वर येतं, ब्रेक लावला की गाडी डावीकडे जाते, आणि लांब चालवली की जळका वास येतो. तिन्हींचं मूळ एकच असेल असं धरून चालू नकोस. जुन्या गाडीत दोन-तीन दुखणी एकदम नांदतात, आणि एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी जातो.

पहिलं काम गाडी जागेवर उभी असताना करायचं, पाना लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-सहा वेळा मार. मग तसंच दाबून धर आणि इंजिन चालू कर. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं तर बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, ठीक. हललंच नाही तर बूस्टर, त्याची व्हॅक्यूमची नळी किंवा त्यातला व्हॉल्व्ह बघायचा. आता इंजिन चालू ठेवून पेडल एकसारख्या दाबाने धरून ठेव. सावकाश खाली बसत गेलं आणि बाहेर कुठेही ओल नसली, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलंय, आणि त्या एका बाबतीत तुझा मिस्त्री बरोबर. नाही बसलं, तर मास्टर सिलिंडरचे पैसे वाचले.

मला वाटतं ते बसणार नाही. दोनदा मारल्यावर वर येणारं पेडल बहुतेक वेळा मागच्या ड्रमकडे बोट दाखवतं. शू झिजले, फट जुळवणारा ॲडजस्टर गंजून अडकला, की शू आणि ड्रममधली फट वाढते, आणि ती भरण्यातच पेडलची पहिली चाल संपते. खात्री करायची सोपी युक्ती सांगतो. गाडी उभी असताना हँडब्रेक नीट ओढ आणि मग पेडल दाब. ते आता उंचावरच थांबलं, तर दोष मागच्या फटीत आहे. तरीही स्पंजासारखं दबत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे. ड्रम उघडाल तेव्हा शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड उचलून आत ओल आहे का ते बघायला लाव. आणि आतली काळी धूळ फुंकून उडवू देऊ नकोस. जुन्या शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानेच पुसलेली बरी.

आता डावीकडे ओढण्याचं. यात भलेभले फसतात. गाडी डावीकडे जाते म्हणून डावं चाक उघडतात, आणि ते बिचारं आपलं काम चोख करत असतं. काम करत नसतं ते उजवं. तिथला पिस्टन गंजलेला असेल, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) ज्यावर सरकतो त्या पिना कोरड्या पडून जाम झाल्या असतील, पॅडवर तेल आलं असेल. पॅड काढल्यावर आतला पार झिजलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा दिसला, तर पिनांवर संशय घे. त्या साफ करून योग्य ग्रीस लावायला फारसे पैसे लागत नाहीत, फक्त अंगमेहनत लागते. म्हणूनच कुणी सुचवत नाही.

पण माझा खरा संशय वेगळ्याच वस्तूवर आहे: उजव्या चाकाकडे जाणारा रबरी पाइप. आमच्या वॅगन-आरला हेच झालं होतं. वीस वर्षांचा पाइप बाहेरून ठाकठीक दिसतो, एक भेग नाही, पण आतून सुजून अरुंद होतो. पाय दाबला की जोर मोठा असल्याने ऑइल कसंबसं पलीकडे जातं, तेही उशिरा, म्हणून गाडी आधी डावीकडे जाते. पाय काढला की परत यायला जोर नसतो, दाब आतच अडकतो आणि उजवं चाक धरून राहतं. म्हणजे दाबताना डावीकडे आणि सोडल्यावर थोडी उजवीकडे. तुझा जळका वास यातूनच येत असावा. मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात एवढंच नीट बघ. थोडं चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात धर, लावू नकोस, पोळेल. एकच चाक तापलेलं असलं तर उत्तर मिळालंच.

मग ते चाक जॅकवर घ्यायचं, खाली स्टँड लावून, मागच्या चाकांना विटा देऊन. पेडल दाबून सोड, चाक हाताने फिरव. घट्ट असेल तर कॅलिपरचं निपल (ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) अर्धा आटा सैल करायचं. आमच्याकडे त्या क्षणी चहाच्या रंगाची पिचकारी उडाली आणि चाक आपोआप सुटलं. म्हणजे दाब अडकला होता आणि दोष पाइपात होता. पिचकारी उडूनही चाक घट्टच राहिलं, तर कॅलिपर. दोन्ही पुढची चाकं सारखीच धरत असतील तर मात्र पाइप सोडून मास्टर सिलिंडरकडे आणि पेडलच्या मोकळ्या चालीकडे बघायचं. आणि पाइप बदललास तर दोन्ही बाजूंचे बदल, वय दोघांचं सारखंच आहे.

डिस्कबद्दल एकच: ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं असं तू लिहिलेलं नाहीस. थरथर नाही, खोल चरे नाहीत, जाडी डिस्कवर कोरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, तर ती फेकायची कशाला? पॅडचा मसाला 3 मिलिमीटरच्या खाली असेल तर खुशाल बदल.

ब्रेक ऑइल मात्र डोळे मिटून बदल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 3 दर्जाचं ऑइल नवं असताना किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की हीच मर्यादा 140 वर येते. उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल जमिनीला टेकतं. सपाट गावात चालवताना हे कधी कळतच नाही. कळतं ते घाटात. तुझ्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जो डॉट क्रमांक लिहिलाय तोच वापर. डॉट 3 च्या जागी डॉट 4 चालतं, डॉट 5 सिलिकोनचं असतं, ते नको. आणि टाकीतली पातळी खाली गेली असेल तर नुसतं वरून ओतून मोकळा होऊ नकोस. पॅड झिजले की ती थोडी उतरतेच, पण गळतीनेही उतरते.

हे इतकं लांबण लावलं कारण काकूंना ओंकारेश्वर करायचंय असं तू लिहिलंस. ग्वाल्हेरहून इंदूरपर्यंत चिंता नाही. पुढे सिमरोल सोडलं की भेरूघाट लागतो, माळव्याच्या पठारावरून थेट निमाडात उतरायचं. परतीत महेश्वर करायचं म्हणशील तर वाटेत गणपती घाट आहे. तिथे उतारावर ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन किती अपघात झाले, ते इथल्या कुणालाही विचार. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहायचं आणि ब्रेक दाबून धरायचा नाही. दाबायचा, सोडायचा. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्या तुझ्या मेव्हण्याला स्टिअरिंग अजिबात देऊ नकोस, मी सांगितलं म्हणून सांग.

तर आधी बूस्टरची आणि हँडब्रेकची परीक्षा, मग तापलेलं चाक, त्यानंतर मिस्त्री. त्याच्याकडे जाशील तेव्हा यादी मागू नकोस, उजव्या चाकाचं निपल तुझ्यासमोर सैल करायला सांग आणि काय झालं ते मला फोन करून कळव. पाइप तिथे मिळाले नाहीत तर इथून बघतो. काम झाल्यावर दोन-चार दिवस गावातच चालव, रोज टाकीतली पातळी बघ, आणि मगच निघायची तारीख पक्की कर. वहिनींना नमस्कार. काकूंना सांग, खोलीची सोय आमच्याकडेच आहे.

तुझा,
विनायक