घट्टे असू द्या, पण सपाट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत कोकण किनाऱ्यावरच्या जलक्रीडांवर आलेला लेख वाचला. पावसाळी बंदी उठून बोटी पुन्हा पाण्यात उतरायच्या सुमारास तो आला, हे चांगले झाले. त्यात वेकबोर्डिंग, म्हणजे पायांना बोर्ड अडकवून आणि बोटीच्या दोरीचे हँडल धरून पाण्यावरून घसरत जाण्याचा खेळ, शिकणाऱ्यांना दिलेल्या एका सल्ल्याबद्दल मात्र लिहिणे भाग आहे. पहिले काही दिवस हात सोलवटतात, पण एकदा घट्टे पडले की त्रास आपोआप थांबतो, अशा आशयाचे ते विधान अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यापायी तळवे फाटतात.

घट्टा म्हणजे सततच्या दाबाला आणि घर्षणाला कातडीने दिलेले उत्तर. तिचा वरचा मृत थर जाड होत जातो आणि आतल्या कोवळ्या कातडीला झीज लागत नाही. इथवर घट्टा आपल्या बाजूचा. अडचण येते ती त्याच्या कडेमुळे. बोटांच्या मुळाशी जे चार उंचवटे आहेत, त्यांतल्या मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या खाली घट्टा सर्वांत लवकर चढतो. तो आजूबाजूच्या कातडीपेक्षा वर आला की हँडलला धरायला एक कंगोराच मिळतो. कोरड्या हातावर हा कंगोरा टणक असतो, पण अर्धा तास पाण्यात राहिल्यावर तोच फुगून पांढुरका आणि लिबलिबीत होतो. अशात दोरीला झटका बसला की हँडल त्या कडेला अडते आणि घट्टा खालच्या थरापासून सालीसारखा सुटतो. आत लालभडक ओली जागा उघडी पडते. साध्या फोडापेक्षा हे प्रकरण जास्त दिवस घेते.

इथे काही जण रापणकरांचा, म्हणजे किनाऱ्यावर उभे राहून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांचा, दाखला देतात. दोर ओढून ओढून त्यांचे हात चामड्यासारखे झालेले असतात, तरी कुठे फाटतात, असा प्रश्न येतो. रापण ओढताना दोर पुऱ्या पंजात असतो, पाय वाळूत रोवलेले असतात, अंग मागे झुकलेले असते आणि ओढ संथ, एका लयीत चालते. त्यामुळे सगळा तळवा सारखा निबर होतो. बोटीमागच्या माणसाचा भार मात्र दोन-चार उंचवट्यांवर येतो, तोही ओल्या कातडीवर आणि झटक्याने.

म्हणून घट्ट्यांचा विचार मलमापासून न करता मुठीपासून करावा लागतो. नवखा माणूस हँडल तळव्यात खोल धरतो आणि जीव खाऊन आवळतो. बोटीची ओढ लागली की ते हँडल बोटांकडे सरकणारच. सरकताना ते उंचवट्यावरची कातडी पुढे ढकलते, तिची वळी होते आणि ती वळी हँडल आणि बोटाचे मूळ यांच्यामध्ये चिमटली जाते. घट्टा पडतो तो नेमका याच वळीवर. उपाय असा की हँडल पहिल्यापासूनच बोटांत धरावे, मधल्या पेराच्या जरासे खाली, आणि बोटे आकड्यासारखी वळवावीत. तळवा जवळजवळ मोकळा राहिला पाहिजे. अंगठा वरून नुसता टेकवायचा. शिकताना दोन्ही तळवे खाली, म्हणजे बोटांची हाडे वर, असे धरणे सोपे जाते. हाताला फार थकवा येत असेल तर एक तळवा वर आणि एक खाली अशी पकड घेऊन पाहावी, आणि दर फेरीला हात बदलावेत म्हणजे एकाच हातावर भार साचत नाही.

दुसरी चूक पाण्यातून उठताना होते. बोट निघाली की माणूस हँडल छातीकडे ओढून स्वतःला वर काढू पाहतो. त्या क्षणी पाण्याचा सगळा विरोध बोटांवर येतो. गुडघे छातीशी, हात सरळ आणि गुडघ्यांच्या बाहेरून, बोर्ड आडवा, अशा बसकणीत थांबून राहावे. बोट ओढेल तसा बोर्ड आपोआप पाण्यावर चढतो आणि मगच हळूहळू उभे राहायचे. उभे राहिल्यावर हँडल पुढच्या पायाच्या बाजूला कमरेपाशी, खाली ठेवावे, कोपरे अंगाजवळ. हात पुढे ताणले गेले की कंबर मागे पडते आणि पुन्हा सारी ओढ बोटांच्या मुळाशी जाते.

यात बोट चालवणाऱ्याचा वाटा निम्मा आहे, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. दोरी सैल असताना एकदम थ्रॉटल दिला तर ती ताठ होताना जो झटका बसतो, तो कोणतीच पकड झेलू शकत नाही. आधी इंजिन मंद ठेवून दोरी पूर्ण ताणून घ्यावी, मग दोन-तीन सेकंदांत वेग वाढवावा. शिकणाऱ्या प्रौढासाठी ताशी 25 ते 30 किलोमीटर पुरेत, मुलांसाठी त्याहून कमी. त्यातही कर्लीच्या खाडीसारखे आडोशाचे पाणी निवडावे. उघड्या समुद्राच्या लाटेवर दोरी सतत सैल-ताठ होत राहते आणि प्रत्येक वेळी किंमत हातच मोजतात.

हँडलबद्दल लेखात अवाक्षर नाही. वेकबोर्डचे हँडल साधारण 15 इंच रुंद आणि सुमारे एक इंच जाड असते. त्यावर ईव्हीए फोम किंवा खडबडीत रबराची पकड असते. फोम हाताला मऊ, पण लवकर झिजतो. रबर टिकते आणि घट्टही बसते, पण कातडी जास्त खाते. नवख्याने फोमच घ्यावा. उन्हात टाकून ठेवलेले रबर कडक होऊन तडकते, त्या भेगांत मीठ आणि वाळू बसते, आणि मग ते हँडल उरत नाही, कानस होते. प्रत्येक दिवसाच्या शेवटी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत टांगले तर ते अधिक टिकते. दोरीत पाइपचा तुकडा ओवून केलेले हँडल हातात दिले तर सरळ नकार द्यावा. इन्सुलेशन टेप गुंडाळून डागडुजी केलेलेही नको, कारण ओल्या टेपच्या कडा सुटतात आणि पात्यासारख्या लागतात. आणि हात दुखतो म्हणून दोरीचा वेढा मनगटाला किंवा पंजाला कधीही देऊ नये. माणूस पडल्यावर दोरी सुटली नाही तर हाताचे बोट तुटू शकते. अंगठीसुद्धा त्याच कारणासाठी काढून ठेवावी.

हातमोज्यांविषयी मत विभागलेले आहे. ते घट्ट बसणारे, तळव्याला पातळ कृत्रिम चामडे असलेले हवेत. मूठ वळली की आत कापडाची घडी पडत असेल तर ती घडीच फोड आणेल. सुती किंवा बागकामाचे मोजे भिजून सैल होतात, ते नकोतच. शिवाय मोज्यामुळे हँडल जाड लागते आणि कोपरापुढचा हात लवकर भरून येतो. आमच्या मते नवख्याने मोज्याऐवजी औषधांच्या दुकानात मिळणारी पांढरी, न ताणणारी कापडी झिंक ऑक्साइड टेप वापरावी. अडीच सेंटिमीटर रुंदीचा साधारण 30 सेंटिमीटर तुकडा मधोमध दुमडून घडीवर बोट जाईल एवढे छिद्र पाडावे. ते बोटाच्या मुळापर्यंत सरकवून एक टोक तळव्यावरून, दुसरे हाताच्या पाठीवरून मनगटाकडे न्यावे आणि मनगटाभोवती एक वेढा देऊन पक्के करावे. मधले बोट आणि अनामिका, एवढी दोन पुरेत. हे सगळे कोरड्या, तेल न लावलेल्या हातावर आणि पाण्यात उतरण्यापूर्वी दहा मिनिटे तरी आधी. ओल्या कातडीवर टेप धरत नाही. बोटाभोवती आवळून गुंडाळू नये, बोट सुजले तर रक्त अडते.

आता मुख्य काम, म्हणजे घट्टा सपाट ठेवण्याचे. तपासणी सोपी आहे: अंगठ्याचे नख घट्ट्यावरून आडवे फिरवावे. नख कडेला अडकले तर घासायची वेळ झाली, गुळगुळीत सरकले तर हात लावू नये. घासायचे असेल तेव्हा हात पाच ते दहा मिनिटे कोमट पाण्यात बुडवावेत किंवा सरळ आंघोळीनंतर बसावे. प्युमिस दगड किंवा पाय घासायची वजरी चालेल, मात्र ती स्वतःची, स्वच्छ धुतलेली हवी. घासणे एकाच दिशेने, हलक्या हाताने. कड शेजारच्या कातडीच्या पातळीला आली की थांबायचे. गुलाबी दिसेपर्यंत घासणे म्हणजे कवच काढून टाकणे. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. मोठ्या सत्राच्या आदल्या दिवशी घासू नये. ब्लेड, कात्री, नेलकटर यांनी घट्टा कापणे, आणि सॅलिसिलिक ॲसिड असलेल्या कुरुपाच्या पट्ट्या तळहाताला लावणे, दोन्ही टाळावे. मधुमेह असलेल्यांनी किंवा बोटांत बधिरपणा असलेल्यांनी हे घरी करूच नये, डॉक्टरांना दाखवावे.

रात्री झोपताना 10 टक्के युरिया असलेले क्रीम लावावे. फार जाड घट्ट्याला 20 टक्के चालते, पण भेग असेल तर ते झोंबते. क्रीम आणायचे नसेल तर घरचे कोकमाचे तेल, ज्याला आपल्याकडे भिरंडेल म्हणतात, ते उत्तम. गोळा थोडा तापवून पातळ करावा आणि चोळून जिरवावा. तळपायांच्या भेगांना ते पिढ्यान् पिढ्या लावत आलेच आहेत. सकाळी खेळण्याआधी मात्र यांतले काहीही लावू नये, हँडल निसटते. पाण्यात दहा-पंधरा मिनिटे झाली की बाहेर यावे, हात गोड्या पाण्याने धुऊन टिपावेत आणि कोरडे होऊ द्यावेत. खारे पाणी हातावरच वाळू दिले की कातडी रुक्ष होते आणि भेगा पडतात.

एवढे करूनही घट्टा फाटलाच तर त्या दिवसाचा खेळ संपला असे समजावे. पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवावी. सुटलेली साल स्वच्छ आणि ओली असेल तर ती जागेवर पसरून ठेवावी, तिच्यासारखे आवरण विकत मिळत नाही. फक्त कडक होऊन लोंबणारा भाग निर्जंतुक कात्रीने कापावा. वर पेट्रोलियम जेली, न चिकटणारी गॉज आणि टेप, रोज बदलायचे. चुना, कॉफी पावडर, स्पिरिट यांतले काहीही जखमेत घालू नये. फोड असेल आणि फार दुखत नसेल तर तो फोडू नये.

कोकणातल्या घरात एक पथ्य जास्तीचे लागते: हाताला उघडी जखम असताना मासळी साफ करायला किंवा कोळंबी सोलायला बसू नये, आणि समुद्रातही उतरू नये. कोमट खाऱ्या पाण्यातले व्हिब्रिओ जातीचे काही जीवाणू जखमेतून शिरले तर संसर्ग काही तासांतही वाढू शकतो. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांना धोका अधिक. लाली पसरत गेली, हात सुजला, काळपट फोड आले किंवा ताप भरला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि जखम समुद्राच्या पाण्यात भिजली होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले तेही विचारले जाईल.

किनाऱ्यावर व्यवसाय करणाऱ्यांकडून आमची अपेक्षा माफक आहे. लाइफ जॅकेट जसे रोज पाहतात तसे हँडलही पाहावे, तडकलेले फेकावे. तंबूत गोड्या पाण्याचा एक कॅन, न चिकटणारी गॉज, कापडी टेप आणि कात्री ठेवावी. आणि आपल्या पुरवणीत या खेळावर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा घट्ट्यांच्या वाक्याशेजारी पकडीविषयी आणि हँडलविषयी दोन ओळी याव्यात, ही विनंती.

आपले नम्र,
जलक्रीडा प्रशिक्षक, देवबाग-तारकर्ली
(ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग)