मावा दिसला की लगेच पंप?

महोदय,

दोन दिवस ढगाळ हवा पडली की आमच्याकडे कोबी-फ्लॉवरवर मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) येतो आणि फवारणीच्या औषधांच्या दुकानात गर्दी होते. गेल्या हिवाळ्यात मीही त्यात होतो. दुकानदाराने दोन औषधे हातात ठेवली, ‘एकत्रच मारा’ म्हणाला. मारली. पंधरवड्यात मावा दुप्पट जोमाने परत!

पुढच्या प्लॉटला आधी पाने उलटून पाहिली. राख भुरभुरल्यासारखा माव्याचा करडा थर, आणि त्याच गर्दीत काही मावे फुगून सोनेरी-तपकिरी, कडक झालेले. त्यांच्या पोटात बारीक गांधीलमाशीची अळी वाढत असते. शेजारीच लेडीबर्ड या ठिपकेदार भुंगेऱ्याची काळसर अळी मावा फस्त करत होती. म्हणजे आधीच्या फवारणीत मी राखणदारच मारले होते. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले घालते. राखणदार गेले की माव्याला रान मोकळे.

आता कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीची 1 ओळ लावतो. मावा आधी तिच्यावर बसतो, तिथेच बंदोबस्त करायचा. गरज पडली तर 5 टक्के निंबोळी अर्क. युरियालाही हात आखडता घेतलाय, लुसलुशीत पाला माव्याला फार आवडतो. मावा अगदीच गेला असे नाही, पण गड्डे विकण्याजोगे निघाले.

दुकानांत औषधांच्या पोस्टरशेजारी या मित्रकीटकांचे मोठे चित्र लावायला काय हरकत आहे? आमच्यातले कित्येक जण लेडीबर्डची अळी कीड समजून चिरडतात.

– एक भाजीपाला उत्पादक, नाशिक जिल्हा