कातानियाकर, त्या अल्बमसाठी मनापासून थँक यू

प्रिय कातानियाकर,

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला ते आवडणार नाही हे माहितीय. आणि मराठीत लिहितेय कारण तूच म्हणायचीस की मनातलं बोलायचं असेल तर आपल्या भाषेत बोल, समजून घ्यायचं काम माझं. तर हे तुला व्हिडिओ कॉलवर ओळ ओळ वाचून दाखवीन, जशी तू मला दाखवायचीस. पण सगळ्यांसमोर लिहायचंय एवढ्यासाठी की आता आपल्याकडची कितीतरी मुलं इटलीला शिकायला जातायत, आणि तिकडे गेल्यावर तुझ्यासारखं माणूस भेटणं म्हणजे काय ते त्यांना कळावं.

आभार मानायचे तर यादी मोठी होईल. इटलीतल्या बोलोन्या शहरात रूम मिळणं किती अवघड आहे हे तिथे राहिलेल्या कुणालाही विचारा, तू मला तुझ्या फ्लॅटमधली रिकामी झालेली खोली दिलीस, पर्मेस्सोचा, म्हणजे तिकडे राहायच्या परवान्याचा, फॉर्म भरायला पोस्टात सोबत आलीस, मला फ्लू झाला तेव्हा सूप केलंस. ते सगळं मी विसरलेली नाही. पण मला आज फक्त एका गोष्टीबद्दल लिहायचंय, कारण तीच माझ्याजवळ सगळ्यात जास्त राहिलीय. कार्मेन कोन्सोलीचा 'स्तातो दी नेचेस्सिता' हा अल्बम. 2000 सालचा.

इथल्या लोकांसाठी थोडं सांगते. इटालियन गाणं म्हटलं की आपल्याकडे लोकांना ऑपेरा आठवतो, फार तर पावारोत्ती. कार्मेन ही सिसिलीमधल्या कातानियाची, 1974 चा जन्म, वडील गिटार वाजवणारे, आणि ही स्वतः गाणी लिहिते, चाल लावते, स्टेजवर इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून गाते. तिकडे तिला लाडाने 'कांतांतेस्सा' म्हणतात. नव्वदच्या दशकात कातानियाला लोक इटलीचं सिॲटल म्हणायचे, एवढे रॉक बँड तिथे होते, आणि त्यामागे फ्रांचेस्को विर्लिन्झी नावाचा एक माणूस होता, ज्याने तिथेच सिक्लोपे रेकॉर्ड्स ही कंपनी काढली, 1995 मध्ये आर.ई.एम.सारख्या अमेरिकन रॉक बँडला कातानियात आणलं आणि कार्मेनला पहिला अल्बमही त्यानेच करू दिला. 2000 च्या शेवटी तो गेला, वयाने काहीच नव्हता. हे सगळं मला तू सांगितलंस, आणि सांगताना तुझा चेहरा असा असायचा की जणू आपल्या घरातल्याच माणसांबद्दल बोलतेयस. मला ते फार आवडायचं. एखाद्या गावाला आपल्या गायिकेचा इतका अभिमान असावा, आणि तोही एत्ना ज्वालामुखीच्या राखेने बाल्कनी काळी होते तिथल्या गावाला, हे ऐकताना मला कातानिया न बघताच ओळखीचं वाटायला लागलं होतं.

तू वांगी तळत होतीस तेव्हा पहिल्यांदा ऐकला मी तो अल्बम. पास्ता आल्ला नोर्मा. वांगी, टोमॅटो, तुळशीसारखी ती बासिलची पानं, वरून किसलेला खारट रिकोत्ता म्हणजे एक चीज, आणि ही डिश तुमच्याच बेल्लिनीच्या ऑपेराच्या नावाने ओळखली जाते हेही तूच सांगितलंस. पण त्या दिवशी स्पीकरवर बेल्लिनी नव्हता, कार्मेन होती, आणि तो आवाज ऐकून मी दारातच उभी राहिले. असा आवाज मी ऐकलाच नव्हता. खालच्या पट्टीतला, जाडसर, आणि शब्द संपता संपता एकदम तुटल्यासारखा होऊन वर उडतो, आपल्याकडचा गाणं शिकलेला माणूस त्याला खटका म्हणेल, पण हा शिकून आलेला नाही, हा तिच्या बोलण्यातूनच आलाय असं वाटतं. काही लोकांना तो आवाज पटकन आवडत नाही असं तू म्हणालीस. मला पहिल्या मिनिटात आवडला.

मी विचारलं काय म्हणतेय ती, आणि तू गॅस बंद केलास. तू इंग्रजीत सांगून मोकळी होऊ शकली असतीस. तुझी स्वतःची परीक्षा होती, लायब्ररीत जायचं होतं. पण तू टेबलावर कागद घेऊन बसलीस आणि त्यातल्या 'पारोले दी बुर्रो' या गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरात लिहून काढलेस, आणि त्यानंतर संध्याकाळी जेवणाआधी एक गाणं हा आपला नियमच झाला. इंग्रजी वापरायची नाही. हातवारे चालतील, चित्र काढलेलं चालेल, दुसरा इटालियन शब्द चालेल. मला अजून तुझी ती चित्रं आठवतात.

'पारोले दी बुर्रो' म्हणजे लोण्याचे शब्द. त्यात एक बाई नार्सिससशी बोलतेय, तोच तो पुराणातला, पाण्यात स्वतःचं प्रतिबिंब बघून त्याच्याच प्रेमात पडलेला. चाल इतकी गोड आणि जुन्या साठच्या दशकातल्या गाण्यांसारखी डोलणारी की वाटतं बाई पूर्ण विरघळलीय. आणि मग तू मला क्रियापदं दाखवलीस. एकामागून एक, जवळजवळ सगळी आज्ञार्थी, आणि प्रत्येकाच्या शेवटी 'मला' चिकटवलेलं. मला हे कर, मला ते कर. म्हणजे ऐकायला ती शरण गेलीय पण वाक्यं बघितली तर हुकूम तीच सोडतेय, त्याच्या बाता, त्याच्या विजयाच्या गोष्टी सगळं तिला आधीच माहितीय, तिने त्याला आरपार ओळखलंय आणि तरी म्हणतेय चल, चालू कर. तू पेनाने त्या क्रियापदांखाली रेघा मारत होतीस आणि मी अक्षरशः ओरडले होते, कारण इतकं हुशार पॉप गाणं असू शकतं हेच मला भारी वाटलं होतं. पुढे क्लासमध्ये आज्ञार्थ आणि सर्वनाम शिकवलं तेव्हा माझ्यासाठी ते जुनं झालं होतं, मला ते कार्मेनच्या आवाजात पाठ होतं.

अल्बमचं मला सगळ्यात काय आवडतं सांगू? त्यात व्हायोलिनं आणि इलेक्ट्रिक गिटार एकाच घरात राहतात आणि कुणी कुणाला दाबत नाही. आधीचा तिचा 1998 चा 'मेद्यामेंते इस्तेरिका' तू मला नंतर ऐकवलास, त्यात गिटार जास्त खरखरीत आहे, राग जास्त आहे, तोही सुंदर आहे, पण 'स्तातो दी नेचेस्सिता'मध्ये राग आणि माया दोन्ही आहे आणि एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाताना आपण बदलतो. 'लुल्तिमो बाचो' तर सगळ्या इटलीला माहीत आहे, गाब्रिएले मुच्चीनोचा त्याच नावाचा सिनेमा 2001 मध्ये आला आणि त्यात ते गाणं आहे, पण मला वाटतं ते सिनेमाशिवाय, रात्री, पूर्ण अल्बमच्या ओघात ऐकावं. एकेक गाणं सुटं करून ऐकणाऱ्यांना माझी विनंती आहे, हा अल्बम सुरुवातीपासून ऐका.

आणि आता 'इन ब्यांको ए नेरो'.

हे गाणं तिने 2000 च्या सानरेमोला, म्हणजे इटलीतल्या सगळ्यात मोठ्या गाण्याच्या स्पर्धेत, गायलं. पन्नासावा सानरेमो होता तो, फाबियो फात्सियो सूत्रसंचालक, पावारोत्तीही स्टेजवर, आणि जिंकला आव्हियोन ट्रावेल हा बँड. कार्मेन तेव्हा पंचवीस वर्षांची. त्याआधी 1996 आणि 1997 ला ती तिथे येऊन गेली होती, 1997 ला तर 'कोन्फूझा ए फेलीचे' फायनलपर्यंतही गेलं नाही, आणि तेच गाणं पुढे लोकांनी डोक्यावर घेतलं. तर इतक्या मोठ्या स्टेजवर, जिथे बहुतेक जण प्रेमाचं गाणं घेऊन जातात, ही पोरगी आईचं गाणं घेऊन गेली. मुलगी आईचा जुना फोटो बघतेय, त्यात आई खूश दिसतेय, आणि मुलीच्या मनात ते सगळं येतंय जे दोघींनी एकमेकींना कधी सांगितलं नाही. बस एवढंच. पण त्याला ड्रम आणि गिटारचा असा जोर आहे की ते रडकं होत नाही, ते जवळजवळ भांडण आहे, प्रेमाचं भांडण.

तू हे गाणं समजावलंस त्या संध्याकाळी तुझ्या आईचं पार्सल आलं होतं, तो 'पाक्को दा जू', दक्षिणेतून वर शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला घरून येतो तो खोका. ऑलिव्ह ऑइल, चीज, पिस्ते, वाळवलेले टोमॅटो, मधे मधे वर्तमानपत्र कोंबलेलं. मला तो बघून सांगलीहून पुण्याला जाणारा एसटीतला डबा आठवला, तेच ते, आईने कोपरा कोपरा भरलेला. तू म्हणालीस उत्तरेत आलं की आम्हीही परकेच असतो गं, आमचं बोलणं ऐकून लोक ओळखतात कुठून आलो ते. मला तोवर वाटायचं परकी फक्त मीच आहे. मग तू तुझ्या आईला फोन लावलास आणि सिसिलियनमध्ये बराच वेळ बोललीस, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणालीस, आता तू.

भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मी म्हटलं आई झोपली असेल, तू म्हणालीस आया झोपत नाहीत. आणि खरंच पहिल्या रिंगला उचलला तिने. मी काय झालं काय झालं ऐकून घेतलं आणि मग विचारलं की आई, आपल्याकडे तो तुझा पन्हाळ्याचा फोटो आहे ना, स्वेटर घातलेला, तेव्हा तू काय करत होतीस गं? ती आधी हसली. आणि मग बोलायला लागली. लग्नाआधी ती मैत्रिणींबरोबर गेली होती, तिथे सगळ्यांनी तिला गायला लावलं होतं, तिला गाण्याच्या परीक्षा द्यायच्या होत्या, दोन दिल्याही होत्या, पुढे राहून गेलं. मला हे माहीतच नव्हतं. आमच्या घरात आई ओव्या गुणगुणते हे माहीत होतं, सकाळी कामं करताना, पण ती शिकली होती आणि तिला अजून शिकायचं होतं हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्या रात्री तिने मला फोनवर आज्जीची एक ओवी म्हणून दाखवली, तू शेजारी बसून ऐकत होतीस, एक शब्द कळत नसताना, आणि संपल्यावर तू जोरात 'ब्रावा सिन्योरा' ओरडलीस. आई अजून ते सगळ्यांना सांगते. 'ती मुलगी मला ब्रावा म्हणाली' असं.

म्हणून हे पत्र. तू मला भाषा शिकवलीस असं सगळे म्हणतात, आणि हो, शिकवलीस, पण भाषा ॲपवरही येते. तू मला एका बाईचं गाणं इतक्या जवळून ऐकायला बसवलंस की त्यानंतर मला माझ्या घरातल्या बाईचं गाणं ऐकू आलं. कार्मेनला याचा पत्ता नाही, तिने ते पंचविसाव्या वर्षी तिच्यासाठी लिहिलं. पण तिच्यात आणि माझ्यात, आणि माझ्यात आणि आईत, मधे तू बसली होतीस, हातात पेन घेऊन. ते तुझ्याशिवाय झालं नसतं आणि हे मला पूर्ण खात्रीने माहितीय.

तुला सोडून आल्यावरही मी कार्मेनला ऐकत राहिले. 'एलेत्त्रा' ऐकला, 2009 चा, ज्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमची तार्गा तेंको, म्हणजे तिकडचा गाण्यांचा मोठा पुरस्कार, मिळाली आणि तो मान मिळवणारी ती पहिली बाई ठरली. त्यात वडिलांसाठीचं गाणं आहे, ते मी अजून पूर्ण समजून घेतलेलं नाही, मुद्दाम ठेवलंय तुझ्याबरोबर बसून करायला. 2016 ला पुलियातल्या नोत्ते देल्ला तारांता या लोकसंगीताच्या महोत्सवाची सगळी संगीताची धुरा तिच्याकडे होती, तिथेही पहिली बाईच, त्याचे व्हिडिओ बघितलेस का? नसशील बघितले तर बघ, आणि मला त्यातले तुमच्याकडचे शब्द सांग, माझ्या डिक्शनरीत ते सापडत नाहीत.

आणि हो, आईने पुन्हा क्लास लावलाय. गल्लीतल्याच एका बाई शिकवतात, आठवड्यातून दोनदा, हार्मोनियम घेऊन बसते. राहिलेल्या परीक्षा द्यायच्या म्हणतेय. तिने सांगितलंय की तुला बोलाव, आणि नुसतं बोलाव नाही, तारीख विचार. तुमच्या कातानियाच्या सांता आगाताचा उत्सव फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात असतो, तो तू सोडणार नाहीस हे माहितीय, तर त्यानंतर लगेच ये, तेव्हा आमच्याकडे हवा छान असते, जूनमध्ये अजिबात येऊ नकोस. पन्हाळ्याला जाऊ, आई पण येईल. येताना तो खारट रिकोत्ता आण, वांगी इथे कृष्णाकाठची मिळतात, तुमच्यापेक्षा चांगली आहेत, हे खाऊनच ठरवू. तिकिटाचं बघ आणि कळव.

तुझीच,
सांगलीची रूममेट