तिकिटावरचे तास

कोल्हापूर

चि. मानसी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले तिकीट पाहिले. मुंबईहून दुपारी दोनला निघून लंडनला संध्याकाळी सातला पोहोचायचे, हे वाचून आजीने पाचच तासांचा प्रवास धरला. पण या दोन वेळा दोन गावांच्या घड्याळांच्या आहेत. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असते, म्हणजे विमानात तुला साडेनऊ तास काढायचे आहेत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर मागे घेतात, त्यामुळे डिसेंबरात येताना रात्री नऊला निघालीस तर मुंबईत दुसऱ्या दिवशी साडेअकराला उतरशील आणि नऊ तासांचा प्रवास कागदावर साडेचौदा तासांचा दिसेल.

जाताना वेळ जास्त लागतो तो पृथ्वी फिरते म्हणून, असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे नाही, कारण वातावरणही तिच्याबरोबरच फिरते. खरे कारण वाऱ्याचे आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, आणि ते जाताना समोरून, तर येताना पाठीमागून लागतात.

अंतराचेही तसेच आहे. घरातल्या पृथ्वीगोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून पाहा. तो बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र आणि काळा समुद्र यांवरून युक्रेनकडे जातो आणि सुमारे 7,200 किलोमीटर भरतो. ताशी 900 किलोमीटरने ते आठ तासांचे अंतर झाले. परंतु युक्रेनचे आकाश फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि पाकिस्ताननेही एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. अशा वेळी वळसा पडतो, इंधन वाढते आणि तास वाढतात.

मला काळजी आहे ती मात्र या 7,200 किलोमीटरांची नाही, कोल्हापूर ते मुंबई या पावणेचारशे किलोमीटरांची आहे. रस्त्याने त्याला सात-आठ तास लागतात, खंबाटकी किंवा खंडाळ्याच्या घाटात वाहतूक अडली तर किती लागतील याचा नेम नाही, आणि विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे असते. त्याच सकाळी कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईचे विमान धरण्याचा तुझा विचार मला पटत नाही. दोन्ही तिकिटे वेगवेगळी असल्यामुळे पहिले विमान उशिरा आले, तर दुसरी कंपनी तुझ्यासाठी थांबणार नाही आणि पैसेही परत देईलच असे नाही.

म्हणून आदल्या रात्रीऐवजी त्याच्याही आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघावे, सकाळी मुंबईत उतरून दिवसभर मावशीकडे विश्रांती घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच विमानतळ गाठावा, असे आम्हा दोघांचे मत आहे. तुझा होकार आला की मी रेल्वेचे आरक्षण करतो.

तुझे,
बाबा